मी मडक्यांची बाजू घेतली

माझा धंदा काय आहे हे माझ्या वडिलांना शेवटपर्यंत धड सांगता आलं नाही. दिल्लीतल्या आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरच्या पायऱ्यांवर संध्याकाळी त्यांची मराठी मंडळी जमायची. तिथे कुणी विचारलं की ते म्हणत, "सुमती थर्माकोल विकते." झालं. भाद्रपद जवळ आला की आमच्या दाराशी रीघ लागायची. यंदा मखरात काही नवीन आलंय का, मोराची कमान मिळेल का, कळस सुटा देता का. आम्ही नगरकडचे मराठी ख्रिस्ती, आमच्याकडे गणपती बसत नाही. तरी निम्म्या सेक्टरच्या मखरांची काळजी माझ्या वडिलांनी वाहिली, आणि कमानी मी कापून दिल्या, अगदी हौसेने.

पण माझा धंदा तो नव्हता. दिल्लीच्या उन्हाळ्यात घर तापू नये म्हणून छतावर काय घालायचं, भिंतीत काय भरायचं, हे मी लोकांना सांगत असे आणि तो माल विकत असे. त्याला इन्सुलेशन म्हणतात. मराठीत 'उष्णतारोधन' असा शब्द आहे म्हणे. एकदा कुणापुढे वापरून बघा आणि त्याचा चेहरा बघा.

नव्वदीच्या दशकात दिल्लीच्या चहूबाजूंनी घरं उगवायला लागली. नोएडा, गुडगाव, आणि आज ज्याला सगळे द्वारका म्हणतात ते तेव्हाचं पप्पनकलां. झाड औषधाला नाही, आणि शेतात चार-चार मजली ठोकळे उभे. बाजार खुला झाला होता, परदेशी मालाचे कॅटलॉग यायला लागले होते, आणि जो तो मला विचारायचा, "मैडम, लेटेस्ट क्या है?" साइटवर गेले की पहिलं वाक्य ठरलेलं, "आप ठेकेदार को भेज दीजिए." मी म्हणायची, "ठेकेदार मैं ही हूँ." मग शिडी दाखवायचे, मी चढते का ते बघायला. मी साडी खोचून चढायची. पंचवीस वर्षं चढले. यात कुणाला फुशारकी दिसली तर दिसू दे, ती आहेच.

आमच्या धंद्यातलं गुपित एवढंसं आहे. आम्ही हवा विकतो. थर्माकोलच्या दाण्यांत काय असतं? हवा. काचेचा कापूस म्हणजे ग्लासवुल, त्याच्या तंतूंत अडकलेली असते तीही हवाच. कोंडलेली, न हलणारी हवा उष्णता पुढे जाऊ देत नाही. स्वेटर अंगाला ऊब देतो तो लोकरीमुळे कमी आणि लोकरीत अडकलेल्या हवेमुळे जास्त. वीट, माती, दगड यांची तऱ्हा वेगळी. ते ऊन अडवत नाहीत, त्याला उशीर करतात. सरकारी फाइलसारखं. सकाळी वरच्या टेबलावर आलेलं ऊन खालच्या खोलीत संध्याकाळी पोचतं, पण पोचतं नक्की. म्हणून कुणी मला विचारलं की सगळ्यांत चांगला माल कुठला, तर मी उलट विचारायची की छताखाली कोण राहतं आणि किती वाजता राहतं. लोकांना वाटायचं, बाई उत्तर टाळतेय.

गुडगावच्या एका गृहस्थांच्या भावाच्या अमेरिकेतल्या घरात ग्लासवुल होतं. त्यांना तेच हवं, आणि त्यावर आच्छादन नको, कारण "भाई के घर में भी खुला ही है." भावाचं माळ्यावर होतं, जिथे कुणी जात नाही. यांनी झोपायच्या खोलीच्या छताला उघडं लावून घेतलं, माझ्याकडून नव्हे, दुसऱ्या कुणाकडून. महिन्याभराने मला बोलावलं तर सगळं कुटुंब खाजवत बसलेलं. ढेकूण समजून तीनदा औषध मारून झालं होतं, गाद्या जाळून झाल्या होत्या. काचेचे बारीक तंतू रात्रंदिवस अंगावर पडत होते. मी सांगितल्यावर गृहस्थ म्हणाले, "पर माल तो इम्पोर्टेड था."

मला सांगायची आहे ती गोष्ट वसुधाची.

वसुधा पाठक नागपूरची. तिचा नवरा दिलीप एका सरकारी कारखान्यात होता. खुल्या धोरणाच्या पहिल्याच लाटेत कारखान्याने माणसं कमी केली, आणि दिलीप चाळिशीत घरी बसला. तेव्हाच त्यांना पप्पनकलांत घर मिळालं होतं. तिथे दिल्लीतल्या मराठी नोकरदारांनी मिळून एक सोसायटी बांधली होती. नाव सांगत नाही, त्यांतली अर्धीअधिक मंडळी अजून माझ्या जाण्यायेण्यातली आहेत. फ्लॅट सोडतीने वाटले गेले, आणि वसुधाच्या चिठ्ठीत चौथा मजला आला, म्हणजे डोक्यावर थेट स्लॅब. तिने हॉलमध्ये पाळणाघर काढलं. नवीन वस्ती, नवरा-बायको दोघं नोकरीला, आजी-आजोबा गावाला. पोरं भराभर आली. सकाळी चार्टर्ड बस पकडायच्या आधी आया पोरं सोडून जात आणि संध्याकाळी सात-साडेसातला घेऊन जात.

पहिल्या उन्हाळ्यात त्या हॉलची भट्टी झाली. वर नुसता स्लॅब आणि त्यावर डांबर. वीज दुपारी हमखास जायची, त्यामुळे कूलर असून नसल्यासारखा. पोरांच्या अंगावर घामोळं उठलं, दुपारी एकही पोर झोपेना, दोघांना उन्हाचा ताप भरला, आणि जूनपर्यंत निम्मी पोरं आयांनी काढून घेतली. वसुधा माझ्याकडे आली तेव्हा रडली वगैरे नाही. म्हणाली, "सुमतीताई, अजून एक उन्हाळा असा गेला तर पाळणाघर बंद. आणि ते बंद झालं तर घर विकून नागपूरला दिरांकडे. दिलीप तिथे जिवंत राहणार नाही. मला छत करून द्या."

पण छत तिच्या एकटीचं नव्हतं. सोसायटीचं होतं. त्यावर काय घालायचं हे कमिटी ठरवणार, आणि कमिटी म्हणजे अण्णा बापट.

अण्णा निवृत्त इंजिनीअर. जन्मभर कालवे बांधलेले, पुण्याचे, आणि माणूस सोन्यासारखा. सोसायटीचं काम त्यांनी स्वतःच्या घरासारखं अंगावर घेतलं होतं. त्यांचं मत पक्कं होतं, की छतावर विटांच्या तुकड्यांचा कोबा घालायचा, चांगला जाड, उतार काढून. पुण्यात असंच करतात, मुंबईत असंच करतात. दिल्लीतल्या मराठी माणसाची ही जुनी खोड आहे, आणि मी ती शेकडो घरांत पाहिली. आपल्याकडे छताचा शत्रू पाऊस. छत म्हटलं की मराठी डोक्यात आधी गळती येते. दिल्लीत छताचा शत्रू वर बसलेला असतो, आठ महिने, आणि त्याला उतार काढून वाट देता येत नाही. विटांचा जाड कोबा दिवसभर ऊन पितो आणि संध्याकाळी खालच्या माणसांना पाजतो.

मी अण्णांना म्हटलं, नमुने करून बघू. ते लगेच कबूल झाले, कारण त्यांना खात्री होती. फेब्रुवारीत वसुधाच्या फ्लॅटवर आम्ही तीन तुकडे केले. पूर्वेच्या खोलीवर अण्णांनी स्वतः उभं राहून कोबा घालून घेतला. पश्चिमेच्या खोलीवर मी जिचा माल विकत होते त्या कंपनीने थर्माकोलच्या पाट्या टाकून वर फरशी बसवली. आणि हॉलवर मी मडकी घातली. उत्तमनगरचा रामफल कुंभार, त्याच्याकडून तांब्याएवढी छोटी मडकी घेतली, एकाला एक खेटून स्लॅबवर पालथी मांडली, फटी चुना आणि सुरखीने, म्हणजे विटांच्या पुडीने, भरल्या, वर पांढऱ्या टाइलचे तुकडे. प्रत्येक मडक्यात ओंजळभर हवा कोंडलेली. ही माझी अक्कल नव्हे. जुन्या दिल्लीचे म्हातारे मिस्त्री हे काम करत, आणि अशाच एका मिस्त्रीकडून मी ते शिकले होते. कमिटीचा निर्णय झाला की नमुने फोडून सगळीकडे एकच काम करायचं, असं ठरलं होतं.

एप्रिलमध्ये सभा भरली. आमच्या मराठी मंडळींची सभा रविवारी सकाळी अकराला असते, बारा-साडेबाराला संपते, आणि मग जेवण आणि वामकुक्षी. यात बदल होत नाही. अण्णांनी सगळ्यांना वसुधाकडे वर नेलं. बाराच्या सुमारास तिन्ही खोल्यांतून मंडळी हिंडली. तिन्ही थंड. कोब्याची तर सगळ्यांत थंड, कारण तिचं ऊन अजून वाटेत होतं.

"मग फरक काय?" अण्णा म्हणाले. "गारवा तिन्हीत सारखा. कोबा वरून पाणी तरी अडवतो."

मी म्हटलं, "अण्णा, संध्याकाळी सातला या. तेव्हा बघा."

"सातला आम्ही आपापल्या घरी असतो," तळमजल्यावरचे कुणीतरी म्हणाले, आणि हशा पिकला.

हात वर झाले. कोबा मंजूर. हात वर करणाऱ्यांत बहुतेक खालच्या तीन मजल्यांवरचे होते, त्यांच्या डोक्यावर शेजाऱ्याची फरशी, सूर्य नव्हे. वसुधा दाराशी उभी राहून हात मोजत होती. इतिवृत्तात 'तज्ज्ञ सल्लागार श्रीमती सुमती यांच्याशी चर्चा करून' असं लिहिलेलं मी वाचलं आणि ते वाक्य तिथल्या तिथे खोडायला लावलं. सेक्रेटरी म्हणाले, "अहो, औपचारिकता असते." मी म्हटलं, औपचारिकतेपुरतंसुद्धा माझं नाव कोब्याखाली जाणार नाही.

तोवर माझ्याच कंपनीने दुसरीकडून डाव टाकला होता. आमचे एरिया मॅनेजर खुराना. गोड बोलणारा, घाईतला माणूस. त्यांना कळलं की सोसायटीत वाद चाललाय. ते मला म्हणाले, "मैडम, कोबा-वोबा छोड़िए. ऊपर कौन चढ़ेगा? हम अंदर से शीट चिपका देंगे सीलिंग पे. दो दिन का काम. एक सोसायटी हो गई तो पूरा पप्पनकलां अपना."

खोटं कशाला बोलू, छतावरच्या नमुन्यात थर्माकोलची खोली उत्तम होती. दुपारी तर मडक्यांपेक्षा कणभर सरस. पण दोनच महिन्यांत केबलवाला वर नाचून गेला होता आणि फरशीला तडा गेला होता. मऊ पाट्यांवर पाय पडला की फरशी फुटते, फटीतून पाणी शिरतं. कडक, भारी पाट्या घालून ते निभावता आलं असतं, पण त्या कंपनीला परवडत नव्हत्या. म्हणून नमुना वरून दाखवायचा आणि माल आतून चिकटवायचा, असा खुरानांचा बेत. आणि 'आतून' लावलेल्या थर्माकोलचं काय होतं ते मी पाहिलं होतं.

त्याच्या दोन वर्षं आधी नोएडात अरोराबाईंच्या स्वयंपाकघराच्या छताला मी थर्माकोल लावला होता. वरचा मजला, बाई उकाड्याने हैराण. मी खुरानांना विचारलं होतं, स्वयंपाकघरात चालेल ना. ते म्हणाले, बिल्कुल. मला मनातून शंका होती. पण ऑर्डर हवी होती आणि मी नवी होते, म्हणून मी दुसऱ्यांदा विचारलं नाही. एके दिवशी कढईतल्या तेलाने पेट घेतला, ज्वाळा वर गेली, आणि थर्माकोल वितळून, जळत, बाईंच्या हातावर ठिबकला. मी भेटायला गेले तेव्हा त्यांनी मला डाव्या हाताने चहा दिला. उजव्या हाताची बोटं पुढेही पूर्ण मिटली नाहीत. कंपनीने लिहून दिलं की मालाचा वापर चुकीच्या जागी झाला. ती जागा मी निवडली होती. त्याची लाज मला आजही वाटते.

वसुधाच्या हॉलला लागूनच तिचं स्वयंपाकघर होतं. मध्ये दार नाही. दिवसभर पोरांची दुधं तापायची.

मी खुरानांना नाही म्हटलं. ते म्हणाले, "तो क्या लगवाएँगी?"

"मटके."

त्यांनी कॅटलॉग मिटला. "मैडम, आप हमारा माल बेचती हैं या कुम्हार का?"

मी म्हटलं, "जो उस छत पे ठीक बैठेगा, वो."

आता कमिटी माझ्या विरुद्ध आणि कंपनीही. राहता राहिल्या बायका.

चैत्र चालू होता. दिल्लीतल्या मराठी घरांत चैत्रगौरीचं हळदीकुंकू म्हणजे मोठा सोहळा, वर्षाचं भेटणं त्यावर होतं. मी हळदीकुंकू लावत नाही, पण वाटली डाळ आणि पन्हं यांसाठी मला लहानपणापासून सगळीकडे बोलावणं असतं. मी वसुधाला म्हटलं, "तुझी गौर यंदा पूर्वेच्या खोलीत मांड. वेळ ठेव साडेसहाची. सगळ्या सोसायटीला बोलाव, एकही घर सोडू नको."

ती हुशार, लगेच समजली. "आणि डाळ-पन्हं?"

"ते हॉलमध्ये."

पूर्वेची खोली म्हणजे कोब्याची. वसुधाने गौर इतकी सुंदर मांडली, की मला क्षणभर वाईट वाटलं. कलिंगडाचं कमळ, करंज्या, मोगऱ्याच्या वेण्या. बायका आल्या त्या रेशमी साड्या नेसून, अंबाड्यांवर गजरे माळून. खोलीत बसल्या, गाणी म्हणायला लागल्या. दुसऱ्या गाण्यावर पदराने वारं घेणं सुरू झालं. तिसरं गाणं अर्ध्यात राहिलं. पंखा चालू होता, तो वरची धग खाली ढकलत होता, एवढंच. बापटकाकू, म्हणजे अण्णांच्या पत्नी, सगळ्यांत वडील, म्हणून मानाने गौरीशेजारी बसवलेल्या. त्यांच्या कपाळावरचं कुंकू नाकापर्यंत आलं.

"चला बाई, डाळ खाऊ," त्या म्हणाल्या, आणि सगळ्या हॉलमध्ये आल्या. आल्या त्या हलेनात. कुणी भिंतीला टेकलं, कुणी फरशीवर पाय पसरले. पन्ह्याचं दुसरं पातेलं काढावं लागलं.

बापटकाकूंनी छताकडे बघितलं, मग त्या खोलीच्या दाराकडे. "वसुधा, ती खोली रोज अशीच असते?"

"रोज. चारपासून चढत जाते, नऊपर्यंत."

"आणि ही?"

"ही अशीच असते, काकू. इथे सुमतीताईंची मडकी आहेत."

"पोरं कुठे असतात तुझी?"

"इथेच. पण आता इथेही कोबा घालणार आहेत. ठरलंय."

काकूंनी माझ्याकडे पाहिलं. त्यांना सगळा डाव कळला होता. त्या नुसत्या हसल्या आणि विचारलं, "ह्यांनी सभा किती वाजता घेतली होती गं?"

"अकराला."

"आता सातला घ्यायला सांगते. त्याच खोलीत."

पुढच्या रविवारी सभा सातला झाली, कोब्याच्या खोलीत, दाटीवाटीने. दिल्लीतल्या त्या सोसायटीच्या इतिहासात पहिल्यांदा बायकाही सभेला बसल्या. अर्ध्या घरांची कागदपत्रं त्यांच्याही नावावर होती, हे त्यांच्या नवऱ्यांना त्या दिवशी आठवलं. खुरानाही आले होते, कॅटलॉग घेऊन. त्यांनी उत्तम भाषण केलं. दोन दिवसांत काम, वर चढायला नको, पांढरी स्वच्छ सीलिंग. घामाने निथळणाऱ्या माणसांना ते पटत होतं, मला दिसत होतं. कुणीतरी म्हणालं, "अच्छा आहे की, यार. हेच करून टाकू."

मी उठले. समोर निम्मी माणसं मला फ्रॉकात असल्यापासून ओळखणारी. मी त्यांना अरोराबाईंची गोष्ट सांगितली, सगळी. माल याच कंपनीचा होता आणि लावणारी मी होते, हेही सांगितलं. शंका असून मी दुसऱ्यांदा विचारलं नाही, हेसुद्धा. खुराना म्हणाले, "मैडम, ये आप क्या कर रही हैं?" मी मराठीत बोलत होते, पण त्यांना कळायचं ते कळलं होतं. मी थांबले नाही. म्हटलं, "मडकी विकण्यात माझा कवडीचा फायदा नाही. थर्माकोल विकण्यात आहे. तरी मी मडकी म्हणतेय. पुढे तुमची मर्जी."

अण्णा इतका वेळ भिंतीला टेकून बसले होते, सदरा पाठीला चिकटलेला. त्यांनी एकच प्रश्न विचारला. "त्या बाईंचा हात आता कसा आहे?"

"उजवा आहे. लिहिता येत नाही."

अण्णा उठले आणि एकटेच जिना चढून गच्चीवर गेले. आम्ही खाली वाट बघत राहिलो. परत आले तेव्हा तापलेल्या कोब्यावर टेकवलेला तळहात चोळत होते. "मडकी," ते म्हणाले. "पण उतार मी काढून देणार. पाणी साचलं तर मडकी फुटतील तुमची आणि नाक कापलं जाईल माझं."

कोबा चुकला असं ते त्या दिवशी म्हणाले नाहीत, नंतरही कधी नाही. वर्षानुवर्षं म्हणत, "कोबा बरोबरच होता, शहर चुकीचं निघालं." पण दुसऱ्या दिवशी सकाळी उत्तमनगरला रामफलकडे मी पोचायच्या आधी अण्णा पोचले होते. उकिडवे बसून एकेक मडकं बोटाने वाजवून घेत होते आणि बद्द वाजलेलं बाजूला ठेवत होते. रामफल मला हळूच म्हणाला, "बीबीजी, ये साहब तो हमारा धंधा बंद करा देंगे." मी म्हटलं, करने दो. मेच्या मध्यापर्यंत सगळ्या ठोकळ्यांवर मडकी बसली, अण्णांच्या उताराने, आणि त्या पावसाळ्यात एक थेंब कुठे गळला नाही. त्याचं श्रेय त्यांचंच.

नंतरच्या वर्षांत मी कितीतरी माल विकले. फवारायचा फोम, कडक पाट्या, चकाकणारं कापड, पांढरा रंग. चांगले माल आहेत, योग्य जागी घातले तर. मला मातीचं वेड नाही आणि नव्या मालाचा राग नाही. हल्ली आर्किटेक्ट पोरी-पोरं येतात आणि मडक्यांचे फोटो काढून 'ट्रॅडिशनल विजडम' म्हणतात. मी त्यांना सांगते, विजडम-बिजडम काही नाही, हिशेब आहे. ज्याच्या डोक्यावर छत आहे त्याच्याबरोबर त्याच्या वेळेला जाऊन बसा, मग माल निवडा. ज्याला हे पटत नाही त्याने दुसऱ्याकडे जावं. माझं गिऱ्हाईक तुटलं तर तुटू दे, अशी माझी पहिल्यापासून रीत. ती महाग पडली, हे खरं. पहिल्यांदा पडली ती तेव्हाच.

जूनच्या पहिल्या आठवड्यात खुरानांचा फोन आला. एजन्सी काढून घेतल्याचं पत्र द्यायचं होतं आणि पोच म्हणून माझी सही हवी होती. ऑफिसात या म्हणाले. मी म्हटलं, मला सवड नाही, पप्पनकलांला या, वसुधा पाठक, चौथा मजला, दुपारी दोन वाजता. लिफ्ट नव्हती.

ते आले. बाहेर लू, म्हणजे दिल्लीचा तो भाजणारा वारा, सुटली होती, चेहरा लालबुंद, शर्ट ओला. वसुधाने दार उघडलं आणि बूट बाहेर काढायला खूण केली. हॉलमध्ये गोधड्यांवर चौदा पोरं झोपली होती. उताणी, पालथी, एकमेकांच्या अंगावर पाय टाकून. आदल्या वर्षी काढून नेलेली तीन त्यांत परत आलेली होती. खुराना मोठ्याने काही म्हणणार, तोच वसुधाने ओठांवर बोट ठेवलं. त्यांनी वर पंख्याकडे पाहिलं. पंखा बंद होता.

"लाइट नहीं है?" ते कुजबुजले.

"सुबह ग्यारह बजे से नहीं है," मी म्हटलं.

ते छताकडे बघत उभे राहिले. बघण्यासारखं तिथे काहीच नव्हतं, नुसता चुना. मग त्यांनी बॅगेतून पत्र काढलं. मी कंपनीच्या हिताविरुद्ध वागले, असं त्यात लिहिलं होतं. मी ते सावकाश, पूर्ण वाचलं, भिंतीवर धरलं आणि सही केली.

"आपने बहुत ग़लत किया, मैडम," खुराना म्हणाले. त्यांचा आवाज आता जरा चढला होता.

मी कागद त्यांच्या हातात दिला. "धीरे बोलिए," मी म्हटलं, "बच्चे सो रहे हैं."